कंपनीमुळे पर्यावरणाची दुर्घटना झाली तर जबाबदार कोण आणि सरकारचं काम काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गॅसगळती, तेलगळती, खाणीच्या गाळाचं धरण फुटणं, नदीत केमिकल सोडणं, असं काही झालं की प्रत्येक वेळी लोक साधारण तेच प्रश्न विचारतात आणि उत्तरं मात्र अर्धवट मिळतात. म्हणून इथे जरा सविस्तर लिहिलंय. माझं मत आधीच सांगून टाकते. कंपनी तर जबाबदार असतेच, पण ती जबाबदारी तिच्या गळ्यात खरंच पडते का, हे बऱ्याचदा सरकारने दुर्घटनेच्या आधी काय केलं होतं यावर ठरतं.

कंपनी म्हणते हा अपघात होता, कोणाच्याच हातात नव्हतं. मग तिला दोषी कसं धरायचं?

अपघात म्हटलं की पहिला प्रश्न हा विचारायचा की सेफ्टीची जी साधनं बसवली होती ती त्या वेळी चालू होती का. भोपाळचंच बघा. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातल्या ६१० नंबरच्या टाकीत पाणी शिरलं, आत मिथाइल आयसोसायनेट हे अतिशय विषारी रसायन होतं, रिअ‍ॅक्शन भडकली आणि सुमारे ४० टन वायू बाहेर पडला. पाणी कोणीतरी मुद्दाम सोडलं असं कंपनीचं म्हणणं होतं. बरं, वादापुरतं तेही मान्य करू. पण टाकी थंड ठेवणारं रेफ्रिजरेशन युनिट कित्येक महिने बंद होतं त्याचं काय? वायू निष्प्रभ करणारा स्क्रबर स्टँडबायवर होता, वायू जाळून टाकणारा फ्लेअर टॉवर पाइप बदलायचाय म्हणून सुटा करून ठेवलेला आणि पाण्याचे फवारे होते ते गळतीच्या उंचीपर्यंत पोचतच नव्हते. एखादं साधन ऐन वेळी बिघडलं तर समजू शकतो, पण इतकी साधनं एकाच वेळी निकामी असतात तेव्हा त्यामागे कोणीतरी खर्च वाचवायला घेतलेले निर्णय असतात आणि ते निर्णय कागदावर सापडतात. लॉगबुक, मेंटेनन्सचे रेकॉर्ड, आतल्या ऑडिटचे रिपोर्ट. जबाबदारी ठरवायची तर हे कागद ताबडतोब सील व्हायला हवेत, आणि ते अधिकार फक्त सरकारी यंत्रणेकडे असतात. पहिल्या काही दिवसांत तिने ढिलाई केली तर पुढची वीस वर्षं कोर्टात नुसता शब्दांचा खेळ चालतो.

निष्काळजीपणा सिद्ध करावाच लागतो का?

प्रत्येक देशात वेगळं आहे. इंग्लंडमध्ये १८६८ साली एक तत्त्व पक्कं झालं की तुम्ही तुमच्या जागेत धोकादायक गोष्ट आणून ठेवली आणि ती सुटून दुसऱ्याचं नुकसान झालं, तर निष्काळजीपणा सिद्ध न होताही तुम्ही जबाबदार. पण त्याला पळवाटा होत्या, दैवी आपत्ती, तिऱ्हाइताने केलेलं कृत्य वगैरे. भारतात डिसेंबर १९८५ मध्ये, म्हणजे भोपाळला जेमतेम एक वर्ष होतंय तोच दिल्लीत श्रीराम कंपनीच्या कारखान्यातून ओलियम गॅसची गळती झाली आणि त्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने या पळवाटाच बंद केल्या. धोकादायक उद्योगातून नफा कमवायचा असेल तर नुकसान झाल्यावर कारणं सांगायची नाहीत, पूर्ण भरपाई द्यायची. शिवाय कंपनी जेवढी मोठी आणि पैसेवाली तेवढी भरपाईची रक्कम मोठी, हेही कोर्टाने सांगितलं, म्हणजे जरब बसेल. मला हे तत्त्व सगळ्यात न्याय्य वाटतं, कारण कारखान्याच्या आत काय चाललंय हे ज्यांना कधीच कळू दिलं जात नाही त्या लोकांना 'आता तुम्हीच चूक सिद्ध करा' म्हणणं म्हणजे निव्वळ क्रूरपणा आहे.

प्रदूषण कंपनी करते, मग लोक सरकारला का शिव्या घालतात?

कारण बहुतेक वेळा सरकारला माहीत असतं किंवा माहीत करून घेणं त्याचं कामच असतं. याचं सगळ्यात त्रासदायक उदाहरण जपानमधलं मिनामाता. चिस्सो नावाच्या कंपनीचा केमिकलचा कारखाना, त्याचं पाऱ्यावालं सांडपाणी खाडीत जायचं, मासे खाणाऱ्या लोकांचे हातपाय वाकडे व्हायला लागले, बोलता येईना, दिसेना, पोटातली बाळंसुद्धा आजारी जन्माला आली. १ मे १९५६ ला आजाराची अधिकृत नोंद झाली. १९५९ मध्ये कंपनीच्याच हॉस्पिटलमधल्या डॉक्टरने कारखान्याचं सांडपाणी मांजराला खाऊ घालून बघितलं, ४०० नंबरचं मांजर, त्याला तोच आजार झाला. कंपनीने तो निष्कर्ष दाबला. त्याच वर्षाच्या शेवटी सांडपाणी शुद्ध करायचं यंत्र गाजावाजा करून बसवलं, ते पारा काढण्यासाठी बनवलेलंच नव्हतं. आणि सरकार? सरकारने आजाराचं कारण अधिकृतपणे मान्य केलं सप्टेंबर १९६८ मध्ये, म्हणजे कंपनीने ती जुनी पद्धत मे महिन्यात स्वतःहून बंद केल्यावर. मधल्या काळात, १९६५ मध्ये, निइगाता भागात दुसऱ्या कंपनीच्या तशाच कारखान्यामुळे तोच आजार पुन्हा निघाला. पहिल्याच वेळी सरकारने तोंड उघडलं असतं तर निइगातातली माणसं वाचली असती, हे वाचताना आजही माझं डोकं गरम होतं.

शेवटी २००४ मध्ये जपानच्या सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की १९५९ संपेपर्यंत पुरेशी माहिती हातात असूनही कायद्याने दिलेले अधिकार वापरले नाहीत म्हणून केंद्र सरकार आणि कुमामोतो प्रांताचं सरकार दोघंही जबाबदार. तेव्हा 'सरकारवर केस करता येते का' असं कोणी विचारलं तर हे सांगा. येते. गप्प बसण्यासाठीसुद्धा सरकार जबाबदार ठरू शकतं, फक्त इथे त्याला ४५ वर्षं लागली.

नियम असतात, इन्स्पेक्टर असतात, तरी असं का होतं?

एक मोठं कारण म्हणजे परवाने देऊन पैसा मिळवणारं आणि सुरक्षा तपासणारं खातं एकच असणं. अमेरिकेत मेक्सिकोच्या आखातात २० एप्रिल २०१० ला बीपी या तेल कंपनीच्या विहिरीवर काम करणाऱ्या डीपवॉटर हॉरायझन या प्लॅटफॉर्मचा स्फोट झाला, ११ कामगार गेले, ८७ दिवस तेल समुद्रात येत राहिलं. त्या वेळी समुद्रातल्या तेलावर रॉयल्टी गोळा करणारी आणि सुरक्षेवर लक्ष ठेवणारी सरकारी एजन्सी एकच होती. या विहिरीच्या प्रकल्पाला तिने सविस्तर पर्यावरण तपासणीतून सूट दिलेली होती. दुर्घटनेनंतर ती एजन्सी तोडून वेगवेगळ्या संस्था केल्या गेल्या.

दुसरं कारण सर्टिफिकेटं. २५ जानेवारी २०१९, ब्राझीलमधलं ब्रुमादिन्यो. वाले कंपनीच्या लोखंडाच्या खाणीतला गाळ साठवायचं धरण भर दुपारी जेवणाच्या वेळेला फुटलं आणि त्याच्या बरोबर खाली कामगारांचं कँटीन आणि ऑफिस होतं. सायरन वाजलाच नाही. २७० माणसं गेली. काही महिने आधी ट्यूव्ह झ्यूड या जर्मन कंपनीच्या ब्राझीलमधल्या शाखेने धरण स्थिर आहे असं सर्टिफिकेट दिलेलं होतं. आणि हे सगळं कधी, तर त्याच राज्यात मारियानाजवळचं सामार्कोचं धरण नोव्हेंबर २०१५ मध्ये फुटून १९ माणसं मेली, अख्खी दोसे नदी समुद्रापर्यंत चिखलाने भरली, त्याला सव्वातीन वर्षंही झाली नव्हती तेव्हा. सामार्कोमध्येही वालेची निम्मी मालकी होती. ज्याची तपासणी करायची त्याच कंपनीने तपासणाऱ्याला निवडायचं आणि तिनेच पैसे द्यायचे, ही पद्धत जोपर्यंत आहे तोपर्यंत सर्टिफिकेटवर विश्वास ठेवायला माझं मन तयार नाही. पैसे कंपन्यांकडूनच घ्या, पण एका कॉमन फंडात जमा करा आणि ऑडिटर सरकारने नेमावा, त्याचं नाव आणि रिपोर्ट दोन्ही जाहीर असावं.

मूळ कंपनी परदेशात आहे, इथली फक्त सबसिडियरी, म्हणजे तिची उपकंपनी. मूळ कंपनीला पकडता येतं का?

पूर्वी जवळपास अशक्य होतं, आता थोडं बदललंय. भोपाळच्या वेळी युनियन कार्बाइड कॉर्पोरेशनकडे भारतीय कंपनीचे ५०.९ टक्के शेअर होते तरी १९८६ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टाने खटला भारतातच चालवा म्हणून परत पाठवला. गेल्या काही वर्षांत मात्र ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने दोन महत्त्वाचे निकाल दिले. २०१९ मध्ये झांबियातल्या तांब्याच्या खाणीच्या प्रदूषणाबद्दल तिथल्या गावकऱ्यांना वेदांतावर आणि २०२१ मध्ये तेलगळतीबद्दल नायजेरियातल्या लोकांना शेलवर ब्रिटनमध्ये दावा चालवायला परवानगी मिळाली. मूळ कंपनी सबसिडियरीच्या कारभारात किती हात घालत होती हे बघायचं, नुसती शेअरहोल्डर आहे म्हणून सुटका नाही, असा त्याचा अर्थ. नोव्हेंबर २०२५ मध्ये तर लंडनच्या हायकोर्टाने मारियानाच्या धरणासाठी सामार्कोची दुसरी भागीदार बीएचपी जबाबदार आहे असंच ठरवलं. म्हणून वार्षिक अहवालात 'आमच्या सर्व ठिकाणी आमचेच सेफ्टी स्टँडर्ड लागू असतात' अशी वाक्यं मूळ कंपनी मिरवत असेल तर ती जपून ठेवा, कोर्टात तीच कामाला येतात.

भरपाई कोण ठरवतं? सरकारने आमच्या वतीने तडजोड केली तर?

इथे फार सावध राहायला हवं. भारत सरकारने १९८५ मध्ये कायदा करून भोपाळच्या सगळ्या पीडितांच्या वतीने दावा करायचा हक्क स्वतःकडे घेतला. कल्पना चांगली होती, गरीब माणूस एकटा अमेरिकन कंपनीशी कसा लढणार. पण मागितले होते ३३० कोटी डॉलर आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये तडजोड झाली ४७ कोटी डॉलरवर, पीडितांना न विचारता. बहुतेक जखमींच्या हातात सुरुवातीला २५ हजार रुपयांच्या आसपास पडले, तेही कित्येक वर्षांनी. पुढे रक्कम वाढवून मिळावी म्हणून सरकारने जी क्युरेटिव्ह याचिका (अंतिम निकालानंतरचा शेवटचा उपाय) केली ती मार्च २०२३ मध्ये फेटाळली गेली आणि कोर्टाने उलट सरकारलाच सुनावलं की पीडितांसाठी विमा पॉलिसी काढायची होती ती तुम्ही काढलीच नाही.

बीपीचं प्रकरण याच्या उलट. तिथे सरकारने दुर्घटनेनंतर दोन महिन्यांच्या आत २० अब्ज डॉलरचा फंड बाजूला काढायला लावला आणि २०१५ मध्ये अंतिम सेटलमेंट २०.८ अब्ज डॉलरची झाली. माणसाच्या जिवाची किंमत कुठे जन्मला यावर ठरली असं म्हणायची वेळ येते, आणि ते म्हणायलाच हवं.

तडजोड सरकार करत असेल तर लोकांचं म्हणणं आधी ऐकलं जाईल, मसुदा सह्या होण्याआधी जाहीर होईल आणि नंतर निघणाऱ्या आजारांसाठी दार उघडं राहील, या तीन गोष्टी मिळाल्याशिवाय संमती देऊ नका.

मोठा दंड झाला म्हणजे कंपनीला अद्दल घडली ना?

बातमीतला आकडा आणि शेवटी भरलेला आकडा यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. एक्झॉन वाल्डेझ जहाजातून मार्च १९८९ मध्ये अलास्काच्या किनाऱ्यावर १ कोटी १० लाख गॅलन तेल सांडलं. ज्युरीने १९९४ मध्ये ५ अब्ज डॉलरचा दंडात्मक हर्जाना ठोठावला, कंपनी अपिलांवर अपिलं करत राहिली आणि २००८ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो ५० कोटींच्या आसपास आणून ठेवला. एकोणीस वर्षं. तोपर्यंत दावा करणारे कितीतरी मच्छीमार वारले होते. शिवाय सेटलमेंटमधला दंड सोडून बाकीचा बराच भाग कंपनीला खर्च म्हणून दाखवून टॅक्समध्ये सूट मिळवता येते, बीपीच्या बाबतीत तसंच झालं, म्हणजे थोडा भार करदात्यांवरच आला. आणि काही कायद्यांमध्ये नुकसानभरपाईला वरची मर्यादाच घातलेली असते, अमेरिकेत २०१० मध्ये समुद्रातल्या विहिरींसाठी ती फक्त ७.५ कोटी डॉलर होती. बीपीने ती मर्यादा लावून धरली नाही, पण कंपनीच्या मोठेपणावर कायदा चालू शकत नाही.

कोणी तुरुंगात जातं का?

क्वचित. भोपाळसाठी जून २०१० मध्ये, म्हणजे साडेपंचवीस वर्षांनी, भारतीय अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा सुनावली आणि लगेच जामीन मिळाला. कंपनीचे अमेरिकन अध्यक्ष कधीच खटल्याला हजर झाले नाहीत. बीपीने कंपनी म्हणून ११ मृत्यूंचा गुन्हा कबूल केला, पण प्लॅटफॉर्मवरच्या ज्या दोन सुपरवायझरवर मनुष्यवधाचे आरोप होते ते नंतर मागे घेतले गेले. माझं म्हणणं एवढंच की सुपरवायझरला पकडून वरच्यांना सोडायचं नसेल तर बजेट कापण्याच्या निर्णयावर कोणाची सही आहे तिथून तपास सुरू व्हायला हवा.

कंपनी बंद पडली किंवा विकली गेली तर साफसफाई कोण करणार?

बहुधा कोणीच नाही, म्हणूनच हे आधी ठरवून ठेवायला लागतं. युनियन कार्बाइड २००१ मध्ये डाऊ केमिकलने विकत घेतली आणि डाऊचं म्हणणं कायम हेच राहिलं की भोपाळची जबाबदारी आमच्याकडे येत नाही. कारखान्यातला साठवलेला ३३७ टन विषारी कचरा तिथून हलला जानेवारी २०२५ मध्ये, चाळीस वर्षांनी, सरकारी खर्चाने, आणि जिथे नेला त्या पिथमपूरच्या लोकांनी साहजिकच विरोध केला. जमिनीत मुरलेलं विष अजून तिथेच आहे.

अमेरिकेत लव्ह कॅनॉल नावाची वस्ती केमिकलचे ड्रम पुरलेल्या जागेवर उभी राहिली होती. ज्या कंपनीने ड्रम पुरले तिने १९५३ मध्ये ती जागा एका डॉलरला शाळेच्या बोर्डाला देऊन टाकली. १९७८ मध्ये ते प्रकरण उघड झालं आणि त्यातून १९८० चा सुपरफंड कायदा आला. त्यात जुन्या मालकालाही, कचरा पाठवणाऱ्यालाही आणि वाहून नेणाऱ्यालाही पकडता येतं, अगदी कायदा येण्याआधी केलेल्या घाणीसाठीसुद्धा. ज्याचा मालक सापडत नाही अशा जागांसाठी केमिकल आणि तेल कंपन्यांवर टॅक्स लावला होता, तो १९९५ ला संपू दिला आणि मग कित्येक वर्षं कामं रेंगाळली, २०२२ पासून तो परत लावायला सुरुवात झाली. परवाना देतानाच साफसफाईच्या खर्चाएवढी बँक गॅरंटी घेऊन ठेवली तर निम्मं भांडण मिटतं.

कडक नियम केले तर नोकऱ्या जातील ना?

ही भीती खरी आहे, तिला हसू नका. पण मिनामातात कारखान्याच्या नोकऱ्या वाचवायच्या म्हणून गप्प राहिलेल्या गावात मच्छीमारांचा धंदा बुडाला, ब्रुमादिन्योत गेलेले बहुतेक जण त्या खाणीतच काम करणारे होते. कामगार आणि शेजारी यांना एकमेकांसमोर उभं करणं कंपनीच्याच फायद्याचं असतं.

दुर्घटना घडल्यावर आपण लगेच काय करायचं?

आधी जीव वाचवा, मग पुरावा जमवा. त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा आणि त्रास किती वाजता सुरू झाला, वास कसा होता हे केसपेपरवर लिहून घ्या, कारण नंतर कंपनी म्हणते हा आजार तुम्हाला आधीपासूनच होता. पाण्याचा नमुना घ्यायचा तर ज्या लॅबमध्ये देणार आहात तिथे आधी फोन करून विचारा, काही केमिकलसाठी काचेची बाटली लागते, काहींसाठी प्लास्टिकची. जिथे सांडपाणी सोडतात त्याच्या खालच्या बाजूचा नमुना सगळेच घेतात, पण वरच्या बाजूचाही घ्या, तो नसला तर प्रदूषण आधीच वरून आलं होतं असं म्हणायला कंपनी मोकळी. बाटलीवर तारीख, वेळ, जागा, दोन साक्षीदारांच्या सह्या, वर सील, नमुना घेतानाचा व्हिडिओ आणि लॅबने नमुना कधी घेतला त्याची पावती. तक्रार लेखी करा आणि पोच घ्या. दावा करायला मुदत असते, ती पहिल्याच आठवड्यात वकिलाला विचारून ठेवा.

कंपनीची माणसं घरी येऊन पैसे देतायत, घ्यावेत का?

तातडीची मदत म्हणून बिनशर्त देत असतील तर घ्या, पण न वाचता कशावरही सही करू नका. मिनामातात डिसेंबर १९५९ मध्ये कंपनीने पीडितांना 'सहानुभूती'चे पैसे दिले, त्या करारात लिहून घेतलं होतं की पुढे कारखानाच कारण आहे असं सिद्ध झालं तरी जास्त मागणार नाही. लक्षात घ्या, मांजराचा निकाल तेव्हा कंपनीच्या हातात होता. १९७३ मध्ये कोर्टाने तो करार रद्दबातल ठरवला, पण मधली तेरा वर्षं ती माणसं त्या कागदामुळे अडकून पडली.

हवामान बदलाचं काय? तिथेही कंपन्यांना जबाबदार धरता येईल?

वाट अवघड आहे कारण एका चिमणीचा धूर आणि एका गावातला पूर असा थेट धागा जोडता येत नाही. तरी जुलै २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सल्लागार मतात स्पष्ट सांगितलं की खाजगी कंपन्यांच्या प्रदूषणावर नियंत्रण ठेवण्यात हयगय केली तर तो देशच जबाबदार ठरू शकतो.

मग सरकारकडे नेमकं मागायचं काय?

सगळ्यात आधी माहिती. भोपाळनंतर दोनच वर्षांत, १९८६ मध्ये, अमेरिकेने कायदा केला की कोणत्या कारखान्यात कोणतं विषारी केमिकल आहे आणि दरवर्षी किती बाहेर सोडलं हे जाहीर करायचं. भोपाळच्या डॉक्टरांना त्या रात्री लोकांच्या फुप्फुसात काय गेलंय हे माहीत नव्हतं, तेव्हा ही मागणी आपण सगळ्यात जोरात करायला हवी. मग परवाना देणारं आणि तपासणी करणारं खातं वेगळं, बँक गॅरंटी आणि विमा, भरपाईवर मर्यादा नाही, सेटलमेंटच्या पैशांवर टॅक्सची सूट नाही, आणि बाधित लोकांची निदान एक पिढीभर आरोग्य नोंद. सेटलमेंटमध्ये नंतर उघड होणाऱ्या नुकसानासाठी कलम असायलाच हवं, पण ते वापरणारं सरकारही हवं. एक्झॉनच्या १९९१ च्या सेटलमेंटमध्ये असं कलम होतं, १० कोटी डॉलरपर्यंत जास्तीचे मागता येत होते, सरकारने २००६ मध्ये ९.२ कोटी मागितलेही आणि २०१५ मध्ये ती मागणी सोडून दिली. तेव्हा कलम लिहून घेताना ते कोणी, किती दिवसांत वापरायचं आणि सरकारने नाही वापरलं तर बाधित लोकांना स्वतः कोर्टात जाता येईल, हेही त्यातच लिहून घ्या.